पार्टीला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

जळगाव किंवा धुळ्यात ‘जनसंपर्क एजन्सी’ अशी पाटी फारशी दिसत नाही, पण जनसंपर्काचं काम रोज चालतं. ते जाहिरात एजन्सीवालाच करतो. सकाळी निधनवार्ता, दुपारी शोरूमच्या उद्घाटनाची प्रेसनोट, संध्याकाळी शिक्षणसंस्थेच्या पुरवणीसाठी शुभेच्छुकांची यादी, आणि रात्री दहाला कुणातरी शेठजींचा फोन: ‘उद्या बातमी लागतेय ना? फोटो जरा मोठा घ्यायला सांगा.’ मोठ्या शहरात ज्याला क्लायंट म्हणतात त्याला आमच्याकडे पार्टी म्हणतात. या धंद्यात माणूस किती मुरला, हे त्याच्या किती पार्ट्या किती वर्षं टिकल्या यावरून ठरवतात.

पार्टी टिकवायची म्हणजे तिला खूश ठेवायचं, हा इथला सर्वमान्य समज आहे. मला तो घातक वाटतो. एजन्सीचं खरं काम दोन्ही बाजूंनी चालायला हवं. पार्टीचं म्हणणं लोकांपर्यंत जावं, आणि लोकांचं म्हणणं, विशेषतः कडू म्हणणं, पार्टीच्या टेबलावर यावं. हे दुसरं काम आमच्याकडे जवळपास कुणी करत नाही. त्याला कुणाचा स्वभाव फारसा जबाबदार नाही. पैसे कसे मिळतात, तिथं मूळ आहे.

इंडियन न्यूजपेपर सोसायटीची मान्यता असलेल्या एजन्सीला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर 15 टक्के कमिशन मिळतं, ही जुनी रीत आहे. मान्यता नसलेले छोटे लोक मान्यतावाल्यांमार्फत जागा घेतात आणि त्यातला हिस्सा मिळवतात. म्हणजे जागा विकली गेली तर पैसे, आणि सल्ला मात्र फुकट. समजा एखाद्या रुग्णालयाच्या मालकाला सांगितलं, ‘डॉक्टरसाहेब, या महिन्यात पान घेऊ नका. आधी डिस्चार्जच्या वेळी बिलावरून जे वाद होतात ते मिटवा.’ तर डॉक्टरांचा फायदा होईल आणि एजन्सीवाल्याच्या हाती काहीच पडणार नाही. खरं बोलल्यावर उत्पन्न बुडेल अशी धंद्याची रचना असताना माणसानं खरंच बोलावं अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

महिनाअखेरीला अशा एजन्सीच्या ऑफिसात जाऊन बसावं. टेबलावर कात्रणं पसरलेली असतात. एक मुलगा फूटपट्टीनं बातमीची उंची मोजतो, ती कॉलमच्या संख्येनं गुणतो, जितके कॉलम सेंटीमीटर येतील त्यांना त्या दैनिकाचा जाहिरातीचा दर लावतो आणि कात्रणाखाली रुपये लिहितो. सगळ्याची बेरीज करून प्लास्टिकच्या फाईलीत पहिल्या पानावर लावतात: या महिन्यात आपल्याला इतक्या लाखांची फुकट प्रसिद्धी मिळाली. शेठ फाईल उघडतात, स्वतःचा फोटो असलेली पानं पाहतात आणि बिल पास होतं. 2010 मध्ये बार्सिलोनात जगभरच्या जनसंपर्क-मापन तज्ज्ञांनी मिळून जाहीर केलं की बातमीच्या जागेला जाहिरातीच्या दरानं गुणून जनसंपर्काची किंमत निघत नाही. आमच्या फूटपट्टीपर्यंत ते पोचलेलं नाही. बातमी वाचून कुणाचं मत बदललं, कुणाची शंका फिटली, कोण चिडलं, यातलं काहीच त्या फाईलीत येत नाही. नाव छापून आलं, एवढंच तिला ठाऊक असतं.

याची किंमत खान्देशानं मोजलेली आहे, आणि ती साध्या माणसांनी मोजली आहे. जळगाव जिल्ह्यात एकेकाळी गल्लोगल्ली पतसंस्था निघाल्या. वर्धापनदिनाच्या रंगीत पुरवण्या, संचालक मंडळाचे फोटो, ठेवींचे वाढते आकडे, ‘विश्वासाची परंपरा’ असले मथळे. पुढे एकामागून एक संस्थांत ठेवी अडकल्या. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट सोसायटीच्या प्रकरणात 2015 मध्ये अटका झाल्या, तेव्हा तर ठेवीदार अनेक जिल्ह्यांत पसरलेले होते. निवृत्त शिक्षक होते, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेले शेतकरी होते, नवऱ्यामागे मिळालेली रक्कम ठेवलेल्या बाया होत्या. घोटाळ्याचा दोष जाहिरातवाल्यांचा, असं मला म्हणायचं नाही. पण कुठल्याही पतसंस्थेत गडबडीची पहिली खबर काउंटरवर लागते. मुदत संपलेली ठेव मागायला आलेल्या माणसाला ‘पुढच्या सोमवारी या’ असं उत्तर मिळायला लागतं, आणि तो माणूस ते चहाच्या टपरीवर सांगतो. त्या टपरीवर बसणाऱ्यांत एजन्सीचा माणूसही असतो. त्यानं ऐकलेलं संचालकांपुढे ठेवायला हवं, आणि ते ऐकत नसतील तर पुढची पुरवणी काढायला नकार द्यायला हवा. तेवढं एखाद्या शाखेत जरी घडलं असतं, तरी त्या पुरवणीतला मथळा वाचून नवी ठेव ठेवणारी काही माणसं वाचली असती.

बातमी आणि जाहिरात यांतली भिंत पातळ झाल्यानं पार्टीला नुसतं खूश ठेवण्याचा हा रोग वाढला. 2009 च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की महाराष्ट्रातल्या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच मजकूर शब्दशः ‘बातमी’ म्हणून छापला गेला होता. त्यानंतर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं पेड न्यूजवर सविस्तर अहवाल लिहिला. त्या काळात अनेक पार्ट्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: पैसे दिले की काहीही छापून येतं. तेव्हापासून एजन्सीवाल्याची ओळख ‘छापून आणणारा’ अशी झाली. ज्याच्याकडे सल्ला मागायला जावं असा माणूस म्हणून त्याच्याकडे कुणी पाहीनासं झालं.

आता दुसरी बाजू पाहू. खान्देशात लोकांशी टिकाऊ नातं उभं राहिल्याची उदाहरणं आहेत, आणि ती मोठ्या ताकदीची आहेत.

भवरलाल जैन यांनी 1963 साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर जळगावात रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे ट्रॅक्टर, खतं, बियाणं यांच्या एजन्सी घेतल्या. 1978 मध्ये केळीची पावडर करणारा एक कारखाना 30 लाखांना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे विकर काढायला सुरुवात केली. 1980 पासून पीव्हीसी पाईप आणि त्या दशकाच्या अखेरीला ठिबक सिंचन. केळीला पाटानं भरपूर पाणी द्यायची सवय असलेल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ‘थेंबाथेंबानं पाणी पुरतं’ हे पटवणं ही जनसंपर्काची अत्यंत अवघड परीक्षा होती. पानभर जाहिरातीनं ती सुटण्यासारखी नव्हती. शेताची मोजणी, त्या शेतापुरता आराखडा, बांधावर येणारा कृषितज्ज्ञ, कंपनीच्या जैन हिल्सवर प्रत्यक्ष उभं केलेलं पीक, आणि गाड्या भरभरून तिथं येणारे शेतकरी यांतून ती हळूहळू सुटली. पाहायला आलेला शेतकरी जेवतो, फिरतो, मुळाशी माती उकरून ओल किती खोल गेलीय ते बोटानं बघतो, आणि मग अडचणीचे प्रश्न विचारतो. क्षारांनी ड्रीपर चोंदतात त्याचं काय? उंदीर आणि खारी लॅटरल नळ्या कुरतडतात तेव्हा काय करायचं? ॲसिड कधी सोडायचं, फिल्टर कितीदा धुवायचा? हे प्रश्न तक्रारीचे असतात, आणि त्या तक्रारींतच पुढची सेवा दडलेली असते. ठिबकच्या जोडीला टिश्यू कल्चरची ग्रँड नैन केळी आली आणि अठरा महिन्यांचं पीक अकरा-बारा महिन्यांवर आलं, तेव्हा शेजारच्या शेतकऱ्यानं शेजारच्या शेतकऱ्याला सांगितलं. याहून भक्कम प्रसिद्धी मला माहीत नाही.

म्हणून जैन यांच्या या कंपनीवर संकटच आलं नाही, असं मुळीच नाही. सरकारी अनुदानापोटी अडकलेली येणी आणि कर्जाचं ओझं यांमुळे 2019 मध्ये ती कर्जफेडीत अडकली. कर्जाची पुनर्रचना 2022 मध्ये पूर्ण झाली, आणि 2023 मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्युलिस या कंपनीत विलीन झाला. अशा काळात कुठल्याही कंपनीच्या डीलरला आणि शेतकऱ्याला काय हवं असतं? माल येणार का, वॉरंटी कोण पाळणार, अनुदानाची फाईल कुठवर आली, एवढीच सरळ उत्तरं. उत्तर वाईट असलं तरी चालतं, पण तारखेसह हवं. जनसंपर्क करणाऱ्याचा कस इथे लागतो. मालक म्हणतात, ‘सगळं ठीक आहे असं छापा.’ सल्लागारानं म्हणायला हवं, ‘साहेब, काय ठीक नाही ते आधी आपणच सांगू.’

हे म्हणणं नवं नाही. 1906 मध्ये अमेरिकेत जनसंपर्काचं काम करणाऱ्या आयव्ही ली यांनी वृत्तपत्रांना आपली तत्त्वं लिहून पाठवली, त्यांचा गाभा हाच होता: आमचं काम उघड चालेल, माहिती खरी आणि वेळेवर मिळेल. त्याच वर्षी त्यांची पार्टी असलेल्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा रेल्वेवाल्यांच्या लपवालपवीच्या सवयीविरुद्ध जाऊन ली यांनी पत्रकारांना अपघाताच्या जागी नेलं. पार्टीला न रुचणारी गोष्ट पार्टीच्या भल्यासाठी करण्याचं ते आरंभीचं उदाहरण मानलं जातं. ली यांची पुढची सगळी कारकीर्द इतकी स्वच्छ राहिली नाही, पण तो धडा खोटा ठरत नाही.

अमळनेरचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. 29 डिसेंबर 1945 रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी नोंदली गेली. तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरात उभा राहिला, आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी तिचे शेअर घेतले. तीच आजची विप्रो. 1966 मध्ये कंपनीचे संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी वारले, आणि स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून एकविसाव्या वर्षी त्यांचे पुत्र अझीम प्रेमजी परत आले. त्यांच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत एका भागधारकानं उभं राहून, हे तुमच्यानं होणार नाही, जाणत्या माणसाच्या हाती कंपनी सोपवा, असं तोंडावर सांगितलं, ही हकिकत अनेकदा सांगितली गेली आहे. एकविशीतल्या मालकाला भर सभेत असं ऐकावं लागलं आणि त्यानं ते ऐकून घेतलं. भागधारकाला उठून बोलता येतं आणि मालकाला बसून ऐकता येतं, तिथे नातं जिवंत असतं. अमळनेरच्या कितीतरी घरांनी ते शेअर पिढ्यान्‌पिढ्या विकले नाहीत, आणि त्यातून तिथे झालेली श्रीमंती आज सगळ्यांना ठाऊक आहे. तूप आणि साबणापासून कंपनी संगणकापर्यंत गेली, तरी कागद गावच्या पेटीत राहिला. असा विश्वास कुठलीही एजन्सी बाहेरून आणून देऊ शकत नाही. असलेला विश्वास मोडू न देण्याची दक्षता ती घेऊ शकते.

धुळे जिल्ह्यात शिरपूरचं उदाहरण आहे, आणि ते जास्त गुंतागुंतीचं आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि तिथले तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल यांनी 2004 च्या सुमारास नाले रुंद-खोल करून त्यावर बंधारे बांधायचं आणि कोरड्या विहिरींत पाणी सोडायचं काम सुरू केलं. ‘शिरपूर पॅटर्न’ या दोन शब्दांनी राज्यभरातले आमदार, सरपंच, पत्रकार तिथे ओढून आणले. एका तालुक्याचं काम नावानं ओळखलं जाणं ही जनसंपर्काच्या दृष्टीनं मोठीच कमाई. पुढे भूजलतज्ज्ञांनी आक्षेप घेतले: खडकाची ठेवण न पाहता सरसकट खोलीकरण करू नका, तापीकाठच्या गाळाच्या थरात जे जमतं ते बेसाल्टमध्ये तसंच जमेल असं नाही. हे आक्षेप सन्मानानं ऐकण्याजोगे होते. माझ्या मते असं काम लोकांपुढे नेणाऱ्यानं माहितीपत्रकात विहिरींच्या पातळ्या वर्षवार छापाव्यात, आक्षेपही छापावेत आणि त्यांना उत्तरही द्यावं. पाहुण्यांचे फोटो छापल्यानं काम मोठं दिसतं, आक्षेपाला उत्तर दिल्यानं ते टिकतं. आमच्या भागात उलट होतं. टीका करणाऱ्याला विरोधक ठरवलं जातं आणि त्याचं नाव निमंत्रणाच्या यादीतून कापलं जातं. ते कापायचं काम पुष्कळदा एजन्सीवाल्याकडेच येतं.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला कुठलीही एजन्सी नव्हती. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखलं, झाडतोडीला दंड लावला, आणि पावसाळ्यात रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरवायला लागले. बाहेरची माणसं भाज्या बघायला, चाखायला यायची आणि जंगल बघून जायची. 2025 मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली. इथे दाखवण्याआधी काम होतं, आणि दाखवणंही कामातूनच निघालं होतं.

पार्टी म्हणेल ते सगळं करायचं ठरवलं की शेवट कुठे होतो, हे बेल पॉटिंजर या लंडनच्या नामांकित एजन्सीनं दाखवलं. 2016 मध्ये तिनं दक्षिण आफ्रिकेत गुप्ता बंधूंच्या ओकबे कंपनीचं काम घेतलं. मूळचे सहारनपूरचे हे बंधू तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या जवळचे मानले जात. महिन्याला एक लाख पौंड फी होती. त्या बदल्यात जी मोहीम चालली तिनं देशातला वर्णद्वेषाचा जुना घाव उकरला. सप्टेंबर 2017 मध्ये ब्रिटनच्या जनसंपर्क संघटनेनं एजन्सीला काढून टाकलं, इतर क्लायंट भराभर सोडून गेले आणि त्याच महिन्यात एजन्सी बुडाली. एका पार्टीला नकार देता आला नाही, आणि सगळ्या पार्ट्या गेल्या.

माझ्या म्हणण्यावर इथला एक आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे आणि तो हलका नाही. लंडनमध्ये नाही म्हणणं सोपं, जळगावात कसं म्हणणार? इथे जिनिंगचा मालक शिक्षणसंस्थेचा विश्वस्त असतो, बँकेचा संचालक असतो, आणि दुसऱ्या पार्टीचा व्याही असतो. एकाला दुखावलं की जाहिरातींचे चार आरओ (रिलीज ऑर्डर) जातात, शिवाय जुनी उधारी अडकते. परवा त्याच्याच पुतण्याच्या लग्नात पंगतीला समोरासमोर बसायचं असतं. नाना, आप्पा, बापू, भाऊ अशा हाकांनी चालणाऱ्या धंद्यात करारनाम्याची भाषा रुक्ष वाटते.

पण याच जवळिकीमुळे इथे खोटं फार दिवस टिकत नाही. रुग्णालयातली नर्स रुग्णाच्या गल्लीत राहते. वजनकाट्यावरचा हमाल शेतकऱ्याच्या गावचा असतो. मुंबईची एजन्सी अकाउंट सोडून दुसरं धरते, तिचं नाव कुणाला ठाऊक नसतं. इथे मात्र लोक चौकात अडवून विचारतात, ‘भो, ते तूच छापलं होतं ना?’ मुंबईच्या एजन्सीपेक्षा जळगावच्या एजन्सीवाल्याचं स्वतःचं नाव जास्त पणाला लागलेलं असतं. म्हणून नकाराची गरजही त्यालाच जास्त.

आणि नकार नीट दिला तर नातं तुटतंच असं नाही. एका जिनिंगवाल्या शेठना नव्या यंत्राची बातमी हवी होती. मी आधी काट्यावर जाऊन बसलो. कापूस घेऊन आलेले शेतकरी यंत्राबद्दल एक शब्द बोलत नव्हते. त्यांचं सगळं बोलणं ओलाव्याबद्दल होतं. मीटर आतल्या बाजूला तोंड करून ठेवलेलं, आकडा फक्त मुनीमजींना दिसायचा, आणि त्यावरून कटती लागायची. भारतीय कपास निगमच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव आणि पुढे बारापर्यंत कपात, हे आता गावात सगळ्यांना पाठ आहे. आकडा लपवला की शेतकरी तो मनानं वाढवून धरतो. मी शेठना म्हणालो, ‘भाऊ, बातमी राहू द्या. मीटर फिरवा आणि पावतीवर आकडा छापा.’ ते चिडले. ‘तू बातमीवाला आहेस की बाजार समितीचा?’ असं विचारलं. पुढे हंगाम भरात आला तेव्हा त्यांनी स्वतःहून मीटर फिरवलं. काट्यावरची भांडणं कमी झाली, कारण भांडायचं ते आकडा बघून भांडता यायला लागलं. यंत्राची बातमी शेवटी आली ती दोन परिच्छेदांची, आणि तिच्याबद्दल शेठनी तक्रार केली नाही.

म्हणून माझा आग्रह पैशांच्या रचनेबद्दल आहे. सल्ल्याची मासिक फी वेगळी ठरवा, जागेच्या कमिशनचा हिशोब वेगळा ठेवा, आणि दोन्ही बिलं वेगळ्या कागदावर द्या. छोट्या पार्टीला फी परवडत नाही असं म्हणतात, पण तीच पार्टी गणपतीत आणि वाढदिवसाला चौकाचौकांत फ्लेक्स लावते. त्यातले काही फ्लेक्स कमी केले तर वर्षभराच्या सल्ल्याची सोय होईल. करारात एक वाक्य असावं की लोकांची तक्रार लेखी स्वरूपात मालकापर्यंत न्यायचा हक्क एजन्सीला आहे, आणि ती मॅनेजरकडे अडवली जाणार नाही. महिन्याच्या फाईलीत कात्रणांच्या आधी एक पान तक्रारींचं असावं: काउंटरवर, गेटवर, काट्यावर, ओपीडीत लोक काय म्हणाले, आणि गेल्या महिन्यातल्या तक्रारींचं काय झालं. पहिल्या महिन्यात एकही बातमी देऊ नये, तो महिना ऐकण्यासाठी ठेवावा. पार्टीला हे विचित्र वाटेल. ज्याला ते अजिबात सहन होत नाही, त्याचं काम घ्यायचं की नाही, हे त्याच महिन्यात कळून जातं.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. तिथून आणि आसपासच्या कॉलेजांतून दरवर्षी मुलं-मुली या धंद्यात येतात. प्रेसनोट लिहायला ती चार दिवसांत शिकतात. त्यांच्या प्रशिक्षणातला एक महिना तरी सावद्याच्या केळी बाजारात, धुळ्याच्या एसटी डेपोत, एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीपाशी जावा, आणि परीक्षेत प्रेसनोटऐवजी तिथे ऐकलेलं सांगणारं, मालकाला उद्देशून लिहिलेलं एक पानी पत्र मागावं. मालकाला पत्र लिहिताना कुठला शब्द मवाळ करायचा आणि कुठला मुळीच करायचा नाही, याचा सराव आमच्याकडे अजून कुठेच होत नाही.